पत्ते आपले, जागा परक्याची

बाळा, तू कंपनीचे सर्व्हर जबलपुरातून उचलून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये नेतोयस आणि आयपी पत्ते मात्र आपलेच घेऊन जाणार आहेस, हे कळलं आणि बरं वाटलं. ज्या गावात १९४२ पासून टेलिकॉमवाल्यांचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथल्या पोराला एवढं यायलाच हवं. मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की तिथे दोन कंपन्या आपसात मिटवतात आणि इथे मधली सगळी धावपळ तुझी. यातलं तांत्रिक काम तसं पाच मिनिटांचं. बाकी सगळं नावं, कागद आणि कशाच्या आधी काय करायचं, एवढंच. आणि माणसं घसरतात ती नेमकी तिथे. तू हुशार आहेस, म्हणून सावकाश वाच. हुशार मुलं दुसऱ्या मुद्द्यावरूनच कीबोर्डकडे धावतात.

१. पत्ते कुणाच्या नावावर आहेत ते रजिस्ट्रीत, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या नोंदीत बघ, कपाटातल्या फाइलीवर विसंबू नकोस — लाइनीबरोबर इंटरनेट कंपनीने दिलेले पत्ते त्या कंपनीचेच असतात, लाइन सोडली की तेही सुटतात. भारतातल्या निक्सीच्या ‘इरिन’ रजिस्ट्रीकडून किंवा थेट आशिया-पॅसिफिकच्या एपनिककडून आपल्या कंपनीला मिळालेले असतील, तरच ते बरोबर नेता येतात.

२. रजिस्ट्रीतलं कंपनीचं नाव आणि होस्टिंगच्या करारातलं नाव अक्षर न् अक्षर जुळव — आपल्या ‘ब्रदर्स’चं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ झालं हे रजिस्ट्रीला कुणीच कळवलेलं नसतं, आणि पडताळणी करणारा माणूस काही आपल्या गोलबाजारातला नाही की आजोबांच्या नावाने ओळख पटेल. नाव जुळलं की निम्मं निभावलं.

३. रजिस्ट्रीत संपर्काचा ईमेल माणसाच्या नावाचा नको, कामाच्या नावाचा दे — ज्याच्या नावाचा ईमेल असतो तो मुलगा नोकरी बदलून पुण्याला जातो आणि पडताळणीची पत्रं त्याच्या बंद खात्यात साठत राहतात. आणि ती मेलपेटी याच ब्लॉकमधल्या, म्हणजे याच पत्त्यांच्या गठ्ठ्यातल्या सर्व्हरवर ठेवू नकोस. ब्लॉक बंद पडला तर मदतीचं पत्रही तिथेच अडकेल.

४. रजिस्ट्रीच्या वार्षिक शुल्काची तारीख हिशेबनीसाच्या वहीतही लिहून ठेव — पत्ते विकत घेतलेले नसतात, वापरायला मिळालेले असतात.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते ऐक. तुझा ब्लॉक १०३ ने सुरू होतो ना? तो आकडा उगाच नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे पाच मोठे ब्लॉक पाच विभागीय रजिस्ट्रींना एकेक वाटले गेले. आशिया-पॅसिफिकच्या एपनिकच्या वाट्याला आला तो १०३ चा. त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिकचा बाकीचा साठा आटला आणि वाटप या शेवटच्या ब्लॉकमधून सुरू झालं, तेही मोजूनमापून: आधी एका सभासदाला जास्तीत जास्त १०२४ पत्ते, २०१९ पासून ५१२. म्हणजे तुझ्याकडे आहे ते तळाचं आहे. पुन्हा मागायला गेलास तर इतक्या सहज मिळणार नाही.

पैशांतही सांगते, कारण तुझ्या काकांना तेवढंच पटतं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांच्या प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो. २५६ पत्ते वर्षभर धरून ठेवलेस तर ११ हजार डॉलरच्या वर जातात. आपले पत्ते बरोबर आणले तर त्यांच्यावर हा आकार नाही. शिवाय नागपूरच्या बँकेने, भोपाळच्या पोर्टलने तुझा पत्ता त्यांच्या फायरवॉलमध्ये ‘याला आत येऊ द्या’ म्हणून लिहून ठेवलाय. तो बदलायचा तर प्रत्येकाकडे अर्ज आणि प्रत्येकाची आपली तऱ्हा. पत्ता टिकला तर पायपीट टळली.

५. /२४ हून लहान तुकडा नेण्याचा विचारही करू नकोस — २५६ पत्त्यांपेक्षा लहान ब्लॉक जगातली बहुतेक नेटवर्कं ऐकूनच घेत नाहीत. ‘निम्मे मुंबईत, निम्मे जबलपूरच्या राइट टाउनमधल्या ऑफिसात’ असं त्यामुळे जमत नाही. एक /२४ एका वेळी एकाच दाराने आत यायला हवा.

६. म्हणून आधी त्या ब्लॉकवर ऑफिसातलं काय काय बसलंय त्याची यादी कर, आणि ती आठवणीने नाही, राउटर उघडून कर — आठवणीत वेबसाइट आणि मेल असतो, राउटरमध्ये मात्र हजेरीचं यंत्र, गोदामाचा कॅमेरा, हिशेबनीसाचं व्हीपीएन आणि कुणीतरी कधीतरी ‘तात्पुरता’ लावलेला एक पत्ता सापडतो. हे सगळं इंटरनेट कंपनीच्या पत्त्यांवर हलव, चार दिवस चालू दे, मगच पुढे बघ.

७. तुझ्याकडे /२३ असेल, म्हणजे दोन /२४, तर आधी कमी महत्त्वाचा ने — पहिल्यांदा काय अडतं ते त्याच्यावर कळतं, आणि दुसऱ्याच्या वेळी घरात शांतता असते.

८. होस्टिंगवाल्याला पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी विचार: पत्ते कुणाच्या एएस नंबरवरून (म्हणजे नेटवर्कच्या ओळख क्रमांकावरून) अनाउन्स करणार (म्हणजे ‘हे इथे आहेत’ असं जगाला सांगणार), कुठल्या शहरातून, पडताळणीला किती दिवस, आणि हल्ला झाला तर माझा एक पत्ता बंद करणार की अख्खा ब्लॉक — विक्रीवाला फोनवर ‘हो जाएगा सर’ म्हणतो, काम करणारा मात्र वेगळाच असतो. विचारणाऱ्याचा दिवस जातो, न विचारणाऱ्याचा महिना.

९. मोठ्या क्लाउडकडे जाणार असशील तर त्यांची पद्धत शब्दश: पाळ — अ‍ॅमेझॉन त्यांच्या दोन एएस नंबरांसाठी, १६५०९ आणि १४६१८, परवानगी मागतं, आणि ब्लॉक तुझाच आहे हे दाखवायला एक सर्टिफिकेट रजिस्ट्रीच्या नोंदीत चिकटवायला लावतं. सगळं बरोबर असलं तरी एक आठवडा धरून चाल. आपली नोंद इरिनकडे असेल तर तीच पडताळणी कशी होईल, ते आधी तिकीट टाकून विचार.

१०. एलओए, म्हणजे ‘आमचे पत्ते तुम्ही अनाउन्स करा’ असं अधिकारपत्र, लेटरहेडवर दे आणि त्यात ब्लॉक, त्यांचा एएस नंबर, सही आणि शेवटची तारीख, चारही लिही — शेवटची तारीख नसलेलं पत्र तू होस्टिंग सोडल्यावरही कुणाच्या तरी फाइलीत जिवंत राहतं. बेमुदत कागद, बेमुदत कटकट.

आता आरओए. इथे जरा बसून वाच, चहा घे हवा तर.

इंटरनेटवर राउटर एकमेकांना सांगतात, ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत.’ ऐकणारा मूळ पद्धतीत विश्वास ठेवतो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांतला एक /२४ आपलाच असल्यासारखा आत लावला, तो बाहेर निसटला, आणि जगभरातून यूट्यूबकडे जाणारी वाहतूक साधारण दोन तास पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबचा स्वत:चा अनाउन्स /२२ होता. राउटर नेहमी लहान, नेमक्या तुकड्याचं ऐकतात, म्हणून /२४ जिंकला. आपल्याकडेही झालंय. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून ३० हजारांहून जास्त परक्या ब्लॉकचे चुकीचे अनाउन्स बाहेर गेले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं रे. वाहतूक वळायला वाईट मन लागतच नाही.

यावर उपाय आरपीकेआयचा. पत्त्यांचा धनी रजिस्ट्रीच्या खात्यातून सही करून सांगतो, की हा ब्लॉक अमुक एएस नंबरनेच अनाउन्स करायचा. त्या सहीच्या नोंदीला आरओए म्हणतात. नोंद जुळली तर राउट ‘व्हॅलिड’, नोंदच नसेल तर ‘नॉट फाउंड’, आणि नोंद आहे पण जुळत नाही तर ‘इनव्हॅलिड’. तपासणी करणारी नेटवर्कं हा तिसरा प्रकार सरळ टाकून देतात. यातून पुढचे तीन मुद्दे निघतात, आणि ते चुकले की पहिले दहा वाया.

११. नव्या होस्टिंगच्या एएस नंबरचा आरओए अनाउन्सच्या आधी, शक्य तर आदल्या दिवशीच, तयार ठेव — जुना आरओए फक्त जुन्या कंपनीच्या नंबरचा असला, तर नवा अनाउन्स जन्मत:च इनव्हॅलिड. काहीच आरओए नसणं हे अर्धवट आरओएपेक्षा कमी त्रासाचं.

१२. जुना आरओए लगेच पुसू नकोस — एका ब्लॉकला दोन आरओए चालतात, एक जुन्या नंबरचा आणि एक नव्याचा. परत फिरायची वेळ आली तर रस्ता उघडा हवा. जुनं सोडायचं ते नव्यावर दोन रात्री झोपून.

१३. ‘मॅक्स लेंग्थ’च्या रकान्यात जेवढा ब्लॉक अनाउन्स करणार तेवढाच आकडा टाक, ‘असू दे’ म्हणून सैल सोडू नकोस — /२२ च्या नोंदीत /२४ पर्यंत मुभा ठेवलीस आणि ते /२४ स्वत: अनाउन्सच केले नाहीस, तर तुझ्या नंबराचं सोंग घेऊन कुणीही लहान तुकडा पुढे करेल आणि तो व्हॅलिड ठरेल. उलट बाजूही बघ: जबलपुरातून तू अजून /२३ अनाउन्स करत असशील आणि मुंबईतून त्यातला /२४ जाणार असेल, तर त्या /२४ चा वेगळा आरओए होस्टिंगच्या नंबराने करावा लागेल.

१४. आयआरआर या राउटच्या नोंदवहीतला राउट ऑब्जेक्टही नव्या नंबराने कर — काही कंपन्यांचे फिल्टर अजून त्यावरूनच बनतात, आणि ते बहुधा दिवसातून एकदाच ताजे होतात. ‘आरओए केला ना, मग झालं’ असं म्हणून हे राहतं, आणि मग एकाच कंपनीच्या ग्राहकांना साइट दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसते.

१५. तुझा स्वत:चा एएस नंबर असेल तर होस्टिंगवाल्याला विचार, की तो तुझ्याशी बीजीपी, म्हणजे राउटरांची आपसातली बोली, जोडेल का — मग आरओए तुझ्याच नंबरचा राहतो आणि उद्या होस्टिंग बदललं तर नोंदींना हातही लावावा लागत नाही. पण बीजीपी सांभाळणारा माणूस घरात नसेल तर हौस म्हणून करू नकोस. होस्टिंगवाल्याच्या नंबरावर राहण्यात काही कमीपणा नाही.

१६. रिव्हर्स डीएनएस विसरू नकोस — पत्ते तेच म्हणून नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बदलावं लागत नाही, पण पत्त्यावरून नाव सांगणारा झोन ज्या नेमसर्व्हरवर आहे तो कदाचित याच ब्लॉकवर बसलेला असेल. तो खाली गेला की मेल पाठवताना समोरचे सर्व्हर तुझ्याकडे संशयाने बघतात.

१७. दिवस निवडताना पंचांग बघायची गरज नाही, पण कॅलेंडर बघ — महिनाअखेर, बिल भरायची शेवटची तारीख, निकालाचा दिवस आणि शुक्रवारची संध्याकाळ नको. मंगळवार-बुधवारची पहाट बरी; सकाळी दहाला दोन्हीकडची जागी माणसं फोनवर मिळतात.

१८. हलवायचा क्रम कागदावर लिही आणि समोर ठेव: नव्या जागी ब्लॉक नोंदवून ठेव पण अनाउन्स बंद, सर्व्हर उभे करून आतून तपास, मग जुन्या कंपनीला काढायला सांग आणि नव्याला लावायला — एकच /२४ दोन्हीकडून तासन्‌तास चालू राहिला तर अर्धे ग्राहक जुन्या सर्व्हरवर जातात, अर्धे नव्यावर, आणि पैसे भरल्याच्या नोंदी दोन ठिकाणी पडतात. ते निस्तरण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं बंद ठेवलेलं परवडतं.

१९. जुन्या कंपनीला आधीच, लेखी, वेळेसकट सांग — त्यांचा राउटर तुझ्या हातात नाही, आणि पहाटे तीनला ज्याने फोन उचलायचा त्याला निदान तुझं नाव माहीत असावं. जाताना भांडून जाऊ नकोस. अनाउन्स काढायचं बटण अजून त्यांच्याकडे आहे.

२०. झालं की बाहेरून बघ, घरातून नाही — आरआयपीई स्टॅट, हरिकेन इलेक्ट्रिकचं बीजीपी पान, परक्या कंपन्यांचे लुकिंग ग्लास (त्यांच्या राउटरला काय दिसतं ते दाखवणारी पानं), हे सगळं फुकट आहे. मूळ एएस नंबर नवा दिसतो का आणि आरपीकेआय व्हॅलिड आहे का, दोन्ही बघ. मग मोबाइलचं वायफाय बंद करून साइट उघड.

२१. सगळ्या जगाला साइट दिसतेय आणि फक्त आपल्याच ऑफिसला दिसत नाही, असं झालं तर घाबरू नकोस, ऑफिसच्या राउटरमध्ये जुना स्टॅटिक राउट शोध — त्याच्या मते तो ब्लॉक अजून बाजूच्या खोलीत आहे, म्हणून तो पॅकेट बाहेर सोडतच नाही. हा घोळ जवळपास प्रत्येक घरी होतो, आणि प्रत्येक घरी आधी होस्टिंगवाल्यालाच शिव्या बसतात.

२२. पत्ते आणायच्या आधी आणि नंतरही काळ्या याद्या बघ, विशेषत: स्पॅमहॉसची — ब्लॉक पूर्वी कुणी भाड्याने वापरला असेल तर त्याची करणी तुझ्या नावावर बसते, आणि मोठे क्लाउड डागाळलेला ब्लॉक घ्यायला नकार देऊ शकतात. पत्ता धुवायला पावडर मिळत नाही.

२३. पत्त्यांचं ठिकाण सांगणाऱ्या डेटाबेसना नवं शहर कळव. जमलं तर जिओफीडची, म्हणजे कुठला पत्ता कुठे याच्या यादीची, फाइल ठेव — सर्व्हर मुंबईत असून कुणाच्या यादीत तो ब्लॉक ऑस्ट्रेलियात दिसला, तर ‘फक्त भारतातून’ असा नियम लावलेल्या साइट दार लावून घेतात. हे सुधारायला आठवडे लागतात, म्हणून हलवण्याच्या आठवड्यातच अर्ज टाक.

२४. कुठला पत्ता कुठल्या दिवशी कुणाकडे होता, याचे लॉग दोन्हीकडचे जप — केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सुरक्षेची घटना ६ तासांत कळवावी लागते. जुना सर्व्हर विकण्याच्या घाईत त्याची डिस्क पुसणारा उत्साही मुलगा प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला आधीच थांबव.

२५. आयपीव्ही६ चा ब्लॉक असेल तर तोही याच फेरीत ने, निदान /४८ — कागद तेच, आरओएची पद्धत तीच, आणि घाई नसताना शिकलेलं अंगी लागतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांचं पुढचं वर्ष मी बरंच बघितलंय.

२६. होस्टिंग सोडायचं ठरलं तर आल्याच्या उलट क्रमाने निघ: आधी नवं ठिकाण उभं, मग अनाउन्स बंद झाल्याची बाहेरून खात्री, मग त्यांच्या नंबरचा आरओए आणि राउट ऑब्जेक्ट काढायचा, शेवटी एलओए रद्द केल्याचं पत्र — आरओए राहिला तर त्यांच्याकडून चुकून झालेला अनाउन्सही जगाला व्हॅलिड वाटेल. कराराच्या पहिल्याच दिवशी त्यांना विचार, की सोडताना अनाउन्स किती तासांत काढाल. आकडा लेखी घे.

२७. रजिस्ट्रीच्या खात्याचं लॉगिन एकट्या तुझ्याकडे नको, आणि ओटीपी येणारा मोबाइल तुझ्या खिशातला नको — एक कंपनीचा वेगळा नंबर घे, तो दोघांना वापरता येईल असा ऑफिसात ठेव, आणि दुसरा माणूस कोण ते या आठवड्यात ठरव. माझा मोबाइल देऊ नकोस. मी दुपारी झोपते.